दरीतलं औषध

पूर्वी सुई टोचली की सुलभाला तरतरी यायची. आता मात्र हुडहुडी भरून ताप चढू लागला. तिच्या निकामी मूत्रपिंडांचं काम करणारं हे औषध आंबोलीच्या रानात मोकळ्या फिरणाऱ्या एका रानडुकराच्या रक्तातून निघायचं. प्रत्येक रुग्णाला जुळणारं जनावर वेगळं. दुसरं जुळवायला वर्ष गेलं असतं, आणि सुलभाच्या हाती तेवढा काळ नव्हता.

"काका, खोट औषधात नाही, डुकराच्या खाण्यात आहे," जनावरांच्या डॉक्टर रेश्मा गावस सुलभाच्या नवऱ्याला, भास्कर धुरींना म्हणाल्या. "वणव्यात त्याची राई जळाली. तेव्हापासून ते हॉटेलांच्या उकिरड्यावर शिळं, तळलेलं खातंय. यकृत सुजलंय त्याचं."

"मग हाकून रानात घालू या?"

"नको. भ्यालं तर रक्त आणखी बिघडेल."

भास्करांनी हॉटेलवाल्यांच्या हातापाया पडून उकिरड्याला कुंपण घालून घेतलं. मग रोज पहाटे उंबरं आणि कंद थोडे थोडे पुढे टाकत त्यांनी डुकराला खालच्या दरीत नेलं. तिथे झरा होता, दाट सावली होती आणि उकरायला भुसभुशीत माती होती.

पावसाळा सरता सरता डुकराच्या यकृताची सूज उतरली आणि त्याच्या रक्तातून काढलेलं नवं औषध आलं. सुई टोचल्यावर भास्कर सुलभाच्या कपाळावर हात ठेवून बसले. दुपार टळली, तरी कपाळ गारच होतं.

"हात काढा बघू आता," सुलभा म्हणाली. "माका भूक लागली हा."

भास्करांना हसू फुटलं, आणि डोळे पुसतच ते भात टाकायला उठले.