ट्रॅक्टरखाली शिवदास

बोरीवलीला नॅशनल पार्कच्या कडेला शिवदास आणि दर्शना ही नवराबायको झाडांची नर्सरी चालवतात. त्यांचा माती वाहायचा छोटा ट्रॅक्टर खालून तेल गाळायला लागला. मेकॅनिक नुसताच "निघालो, निघालो" म्हणत राहिला, तेव्हा वैतागून शिवदासने स्वतःच जॅक लावला, ट्रॅक्टरचं तोंड वर उचललं आणि खाली शिरायला आडवा झाला.

"अहो, उठा आधी! जॅक नुसता उचलायला असतो. त्याच्या भरवशावर कुठे घुसताय?" दर्शना कडाडली. तिने त्याला हँडब्रेक ओढायला लावला, मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लावून घेतले आणि शेजारच्या पंक्चरवाल्याकडून टेकू द्यायच्या दोन लोखंडी घोड्या आणून पुढच्या ॲक्सलखाली घट्ट बसवल्या.

"झालं समाधान?" असं पुटपुटत शिवदास खाली सरकला. पाना फिरवतोय तोच जॅक फस्सकन बसला. ट्रॅक्टर जेमतेम बोटभर खचला आणि त्याच्या छातीच्या वर, घोड्यांवर थांबला.

शिवदास बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे भरले होते. ही आपल्यावर एवढा जीव टाकते, हे त्याला इतक्या वर्षांत आज कळलं.

"दर्शना, तू नसतीस तर मी आज गेलोच असतो गं."

 

"गेला असतात तर एक वेळ चाललं असतं हो. पण नुसता पाय मोडून गेल्या वर्षीसारखे पुन्हा घरात चहा मागत पडून राहिला असतात ना, तर मी गेले असते!"