ओख्याची आगबोट

मुलुंडच्या दोन खोल्यांत सात माणसं, त्यामुळे लग्नाला महिना होऊनही जयंती आणि मार्तंडला एकमेकांशी धड बोलायला मिळालं नव्हतं. मधुचंद्राला कोकणच्या आगबोटीनं जावं तर निम्मं गणगोत बोटीवरच भेटलं असतं. म्हणून जयंतीनं मुद्दाम उत्तरेकडची, सौराष्ट्राच्या किनाऱ्यानं ओख्याला जाणारी बोट शोधून काढली. दोघांची केबिन आणि बाहेर नुसता समुद्र.

"ओखा म्हणजे द्वारकाच की गं!" सासूबाईंनी तिथल्या तिथे हात जोडले. "मग आम्हीही येतो."

संध्याकाळपर्यंत सासरे, आत्याबाई, दोन्ही नणंदा, सगळे तयार झाले. आत्याबाईंनी केबिनचीही वाटणी करून टाकली. बायका आत, पुरुष डेकवर.

"अहो, तुम्ही काही बोला ना!" जयंती नवऱ्यावर चिडली.

"देवाला निघालेत गं. नका येऊ असं कोणत्या तोंडानं सांगू?"

निघायच्या दिवशी सकाळी जयंती काही न बोलता बाहेरच्या खोलीत, कोपऱ्यात चटई टाकून वेगळी बसली.

"आत्ताच कावळा शिवायचा होता का?" सासूबाई हळहळल्या. "आता देवळात कशी येणार तू? मार्तंडा, तूही राहा बाबा. हिला वरून पाणी कोण देणार? आम्ही येईपर्यंत स्वयंपाक तूच बघ."

टांगा दिसेनासा होईपर्यंत जयंती कोपऱ्यात बसून राहिली.


मग उठून सरळ स्वयंपाकघरात गेली, स्टोव्ह पेटवला आणि दोघांचा चहा टाकला.