साड्यांचं कुंपण

आशाबाईने साडीची गाठ सोडली. मग दुसरी. नाल्याच्या बाजूने माणूस वाकून जाईल एवढी वाट मोकळी झाली. रानडुकराला तेवढी पुष्कळ. दिवस मावळत होता आणि वावरात चिटपाखरू नव्हतं.

वावर तिच्या धाकट्या जावेचं, मयुरीचं. सगळे कापूस लावतात तिथे या बाईने स्ट्रॉबेरी लावली. लोक हसले. मग फळ लालभडक धरलं, गडचांदूरच्या बाजारात हातोहात खपलं, पेपरात फोटो आला आणि हसणारेच कौतुक करायला लागले. आशाबाईचा नुसता जळफळाट झाला. वीस वर्षं ती याच मातीत राबत होती. तिचा फोटो फक्त आधार कार्डावर होता.

डुकरं येऊ नयेत म्हणून मयुरीने गावभर फिरून जुन्या साड्या मागितल्या आणि कुंपण बांधलं. तेही कसं? दोन वावरांमधला धुरा, म्हणजे बांध, मोकळा सोडून, शेजारच्या आशाबाईच्या हरभऱ्यालाही वळसा घालून. "तुमाले वेगळं कायले पायजे, बाई? एकातच दोघींचं होते," म्हणाली. गाव म्हणालं, जाऊ असावी तर अशी. आशाबाईच्या मते हा सगळा देखावा होता, आणि तो उपकार तिला रोज सलत होता.

म्हणून तिने गाठी सोडल्या, त्याही मयुरीच्याच बाजूच्या. डुकरांनी गोड फळ खावं आणि आपलं नाव कुठे येऊ नये, एवढंच तिला हवं होतं.

सकाळी ती मुद्दाम उशिरा गेली, हळहळायची तयारी करून. डुकरं येऊन गेली होती. स्ट्रॉबेरीचे दोन वाफे त्यांनी उकरले आणि मोकळ्या धुऱ्यावरून सरळ हरभऱ्यात घुसली. घाट्यांनी लगडलेला हरभरा भुईसपाट झाला होता. एक ओळ धड उरली नव्हती.

मयुरी धावत आली. स्वतःच्या वाफ्यांकडे तिने पाहिलंही नाही. आशाबाईचे पाय धरून ती रडायला लागली.

"बाई, मले माफ करा. नाल्याकडची गाठ मीच ढिल्ली बांधली असन. माह्याच्यानं तुमचं पीक गेलं. आता यंदाची अर्धी स्ट्रॉबेरी तुमची."

त्या घडीला आशाबाईला मयुरीचा जेवढा हेवा वाटला, तेवढा आजवर कधीच वाटला नव्हता.