दस्तीखालचा हात

देवणीच्या बैलबाजारात धुकं जनावरांच्या पाठीवर पेंगत होतं. "मामा, मी आर्ट्सवाली, हिशेबातलं ओ की ठो कळत न्हाई. कंपन्यांची वकील कशी होऊ?" तनुजानं विचारलं. दलाल मामानं तिचा हात बैल विकणाऱ्या शेषेरावांच्या हातात दिला अन् वर दस्ती पांघरली. इथं भाव तोंडानं नाही, रुमालाखाली बोटं दाबून सांगतात. दूर घुंगरं वाजत होती. तिला वाटलं, आपण तळ्याच्या पाण्यात कुणाचा हात धरलाय. "किती म्हणले?" "आकडा न्हाई कळला, मामा. पण ह्या बाबांला बैल इकायचाच न्हाई, हात सोडीनातच." शेषेरावांनी हळूच हात सोडला अन् बैल गावाकडं वळवला. बुडालेली दलाली विसरून मामा हसला. "हे शिकवता येत न्हाई, पोरी. आकडे शिकवता येतात." पुन्हा दस्ती पसरून त्यानं तिचं बोट धरलं. "हे एक."