सहा चित्रांची पोथी

१९८४ साली न्यूयॉर्कमधल्या एका पुराणवस्तूंच्या दुकानात मालकाच्या सांगण्यावरून पोथीची पानं ओवलेला दोरा तिथं नोकरी करणाऱ्या सुनेत्रानंच कापला होता. नऊशे वर्षांपूर्वीची, ताडपत्रावरची बौद्ध पोथी. चित्रांची सहा पानं सहा गिऱ्हाइकांना विकून झाली. पोथी कोणी, कशासाठी लिहून घेतली ते शेवटच्या पानावर असतं, हे संस्कृत शिकलेल्या सुनेत्राला ठाऊक होतं. तरी तिनं ते वाचलं ते फ्रेमा तयार झाल्यावर. "काय लिहिलंय?" मालकानं विचारलं. सुनेत्रानं सांगितलं, "एका बाईची सहा मुलं तापानं गेली. प्रत्येकासाठी तिनं एकेक चित्र रंगवून घेतलं. म्हणते, आता तरी माझ्या लेकरांची ताटातूट करू नका." "ब्यूटिफुल!" मालक हरखला. "सहा कार्डं टाइप कर, प्रत्येक फ्रेममागे लावू." सुनेत्रानं टाइपरायटरमध्ये कार्ड सरकवलं. "शेवटची ओळ तेवढी गाळ," तो म्हणाला. तिनं ती सहाही वेळा गाळली.