शुभांगीच्या हातची किल्ली

कौतुक करताना वीरप्पा आडत्यांचा हात आखडता. पण कळंबच्या बाजारात कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या शुभांगीची तारीफ तेही करत. अकराला सौदा होता आणि बाजारभावाची वेबसाइट बंद. साइटचं सुरक्षा सर्टिफिकेट शाबूत, पण त्याच्या जोडीची गुप्त किल्ली पुसली गेलेली. किल्ली म्हणजे मशीननं आपोआप निवडलेला प्रचंड मोठा आकडा; तोच पुन्हा येणं अशक्य.

नव्या सर्टिफिकेटसाठी शुभांगीनं नवी किल्ली बनवली. सवयीनं ती जुन्या सर्टिफिकेटशी ताडून पाहिली. जुळली! साइट उघडली.

"लई भारी, पोरी!" शेजारी उभे वीरप्पा म्हणाले.

"असं होतच न्हाय, काका." तिनं किल्ली पुसून दुसरी बनवली. तीही जुळली.

तिनं तीही पुसली. "आता नव्या किल्लीचं बटण तुम्ही दाबा."

वीरप्पांनी दाबलं. किल्ली जुळली नाही. साइट बंदच.

"सौद्याला पाच मिनिटं राहिली, तूच दाब. मशीनला तुझाच हात लागतोय बघ," वीरप्पा अभिमानानं म्हणाले.

शुभांगीनं दोन्ही हात ओढणीत गुंडाळून घेतले.