दोन कॅमेरे, एक चेहरा

पिवळ्या कोटातली मुलगी रस्ता ओलांडून अलीकडे आली आणि उत्सुमींनी बटण दाबून धरलं. कॅमेरा तडतडला.

"धरली!" ते म्हणाले. "पापणीसुद्धा मोजून घ्या."

मोगींनी त्यांच्या खांद्यावरून कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहिलं आणि खो खो हसत सुटले. "अहो उत्सुमीसान, ही कुणाची पोर? आमची नागिसा ती बघा, बसथांब्यापाशी. हात हलवून दमली बिचारी."

उत्सुमींनी खाली पाहिलं. पिवळे कोट दोन होते.

"कॅमेरा चुकला," ते म्हणाले.

"चुकला, कबूल. पण तुम्ही तर बघत होतात की!"

उत्सुमींनी हातातला कॅमेरा टेबलावर ठेवला आणि शेजारचा उचलला.

मोगींचं कॅमेऱ्यांचं दुकान शिंजुकूतल्या एका जुन्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. खिडकीखालून माणसांचा लोंढा दिवसभर वाहतो. उत्सुमींनी दोन्ही कॅमेऱ्यांच्या नावांवर काळी पट्टी चिकटवायला लावली होती. नाव बघितलं की माणूस भुलतो, म्हणाले. दोन्हींत नागिसाचा चेहरा भरून ठेवला होता. दुकानात कामाला असलेल्या नागिसाने गर्दीतून यायचं, आणि कुठला कॅमेरा तिला आपणहून हुडकतो, कुठला शेवटपर्यंत सोडत नाही, ते उत्सुमींनी खिडकीतून पाहायचं. उभी हयात शर्यतींच्या अंतिम रेषेपाशी फोटो काढण्यात घालवलेला माणूस. त्याच्या परीक्षेला नाही कोण म्हणणार?

मोगींनी फोन लावला. "नागिसा, पुन्हा जा. आता तोंडाला मास्क लाव. आणि चेहरा तिरका ठेव, आमचे पाहुणे खट आहेत."

"मालक, पाय तुटले माझे!" फोनमधून आवाज आला. "संध्याकाळी भाजलेला ईल मासा चारणार असाल तरच जाते."

ती गर्दीत बुडाली. उत्सुमींच्या डोळ्यापुढची, चेहरा शोधणारी छोटी चौकट आंधळ्या कोशिंबिरीतल्या पोरासारखी चाचपडू लागली. या खांद्यावरून त्या टोपीवर, टोपीवरून छत्रीवर. उत्सुमींनी श्वास रोखला. खाली दिवे लागायला आले होते आणि उजेड मुठीतल्या वाळूसारखा निसटत होता.

मग चौकट थांबली. एका मास्कवरच्या डोळ्यावर अलगद टेकली. तेवढ्यात सामानाची गाडी आडवी आली. पहिल्या कॅमेऱ्याने मघाच्या एका फेरीत अशा वेळी लगेच गाडीवाल्याचा चेहरा धरला होता. हा मात्र तिथेच ताटकळत राहिला. गाडी सरली, आणि चौकट पुन्हा त्याच डोळ्यावर जाऊन बसली.

"हीच का?" उत्सुमींनी विचारलं.

"हीच हो, हीच!" मोगी म्हणाले. "पण तुम्हाला खरं सांगू? पहिला जास्त चपळ आहे. पळणाऱ्या माणसांचे फोटो काढायला तोच लागतो. सगळे तोच नेतात."

"चपळ आहे, पण फितूर आहे. मध्ये कुणी आलं की त्याचा होतो. हा मंद आहे, पण हट्टी."

"म्हणजे तुमच्यासारखा. अहो, लग्न ठरवतानासुद्धा एवढी पारख केली नसेल तुम्ही."

तेवढ्यात जिना चढून एक मुलगी आत आली. उत्सुमी अदबीने वाकले आणि बाजूला झाले. "या, तुमचं आधी होऊ द्या. माझं अजून चाललंय."

"पुरे ती थट्टा, उत्सुमीसान! माझे पाय बघा आधी."

आवाज ऐकून ते हसले. "कोट कुठे टाकलास, पोरी?"

"हा काय हातात. घाम फुटला धावून धावून."

मोगी दुसऱ्या कॅमेऱ्याची पेटी आणायला आतल्या खोलीत गेले. नागिसाने स्टुलावर बसून बूट सैल केले. "एवढी घाई कशाची आहे तुम्हाला?"

"उद्या दुपारी गर्दीतून एक चेहरा येईल. तो सुटता कामा नये."

"धावपटू आहे? कसली शर्यत?"

"लांबची," उत्सुमी म्हणाले. थोडा वेळ ते पट्टीच्या सुटलेल्या टोकाशी चाळा करत राहिले. "मागच्या हिवाळ्यात ती माझ्या पुढ्यातून गेली. हातभर अंतरावरून. मी बघत राहिलो आणि ती निघून गेली. उद्याही सुटली तर पुन्हा यायची नाही."

"तेव्हा कुठला कॅमेरा होता तुमच्याकडे?"

"तेव्हा हातात कॅमेराच नव्हता."

नागिसाला हळहळ वाटली. एवढा नावाजलेला माणूस, आणि नेमक्या वेळी रिकाम्या हाताने! तिने कॅमेरा पुढे ओढला. "मग माझा चेहरा पुसते आणि तिचा भरते. फोटो आणलाय?"

उत्सुमींनी आतल्या खिशातून एक फोटो काढून दिव्याखाली ठेवला. गिंकोच्या पिवळ्या पानांत तीन तरुणी खांद्याला खांदा लावून हसत होत्या. तिघींचे केस सारखेच कापलेले, गळ्यात सारखेच मफलर.

"छान आहे. तिघींचे चेहरे अगदी स्वच्छ आलेत." नागिसाने कॅमेरा फोटोवर धरला. "सांगा, चौकट कुणावर ठेवू?"

उत्सुमींनी आतल्या खोलीकडे एकदा पाहिलं. मोगी अजून पेटी शोधत होते. ते तिच्याजवळ वाकले आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "मला चेहरे दिसतात, पण ओळखू येत नाहीत. ती माझ्यासारखी दिसते, असं सगळे म्हणतात. नीट बघून सांग, पोरी... यांतली माझी मुलगी कोणती?"